दातांच्या कामासाठी पूर्ण भूल घ्यावी का? गॅस, गोळी, शिरेतून गुंगी आणि जनरल अ‍ॅनेस्थेशिया, सगळं एकदा नीट

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्या बाईंचं वय ३८, अकरा वर्षांत दातांच्या डॉक्टरकडे पाऊल टाकलेलं नाही, खालच्या दोन दाढा किडल्यात, एक अक्कलदाढ आडवी अडकलीय. लहानपणी नीट बधिर न होताच दाढ काढली होती, तेव्हापासून त्या खुर्चीत बसलं की हातपाय थरथरतात. घरात पाच वर्षांचा मुलगा, त्याचे आठ दुधाचे दात किडलेत आणि त्याच्या डॉक्टरांनी पूर्ण भूल देऊन एकाच वेळी सगळं उरकू असं सुचवलंय. बाईंचं म्हणणं, मुलाला देताय तर मलाही द्या की, झोपवा आणि उठवाल तेव्हा सगळं झालेलं असू दे.

मी भूलतज्ज्ञ आहे, वीसेक वर्षं इतर ऑपरेशनांबरोबर दातांच्या कामांसाठीही भूल देतेय, आणि हे वाक्य मला इतक्या वेळा ऐकायला मिळतं की माझा उलटा प्रश्न आता तोंडपाठ झालाय: भीती नेमकी कशाची वाटते? सुईची, ड्रिलच्या आवाजाची, तोंडात पाणी साचून गुदमरायला होईल याची, की मागच्यासारखं बधिर झालंच नाही आणि मधेच कळ आली तर, याची? कारण या प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे आणि पूर्ण भूल हा त्यातल्या फार थोड्यांवरचा उपाय आहे.

सगळ्यात मोठा गोंधळ आधी काढून टाकू. सेडेशनने, म्हणजे गुंगी आणणाऱ्या औषधाने, दुखणं थांबत नाही. गॅस असो, गोळी असो, शिरेतून दिलेलं औषध असो, ते मेंदूवर काम करतं, काळजी कमी करतं, वेळ भराभर गेल्यासारखं वाटायला लावतं, पण दाताची नस बधिर करायचं काम हिरडीतल्या इंजेक्शनचंच. म्हणजे सेडेशन घेतलं तरी इंजेक्शन असतंच, फक्त तेव्हा तुम्हाला त्याचं फारसं काही वाटत नाही, बऱ्याचदा नंतर आठवतही नाही. पूर्ण भुलीतसुद्धा आम्ही डॉक्टरांना ते इंजेक्शन द्यायला सांगतो, त्याने आमचं औषध कमी लागतं आणि पेशंट ठणका घेऊन जागा होत नाही. (अपवाद लहान मुलांचा, त्यांना उठल्यावर बधिर ओठ चावायची सवय असते, आणि ती जखम बघून आईबाप दातांपेक्षा जास्त घाबरतात.)

आता लहानपणी बधिर का झालं नसेल. खालच्या दाढेसाठी जबड्याच्या आत मागच्या बाजूला एका ठिकाणी औषध सोडावं लागतं, ती जागा दिसत नाही, खुणांवरून अंदाजाने गाठायची असते आणि कधीकधी ती चुकते. दुसरं, दाताची नस आतून सुजलेली असली, रात्रभर ठणकणारी दाढ असली, की ओठ मस्त बधिर होतो पण दाढ मात्र जागीच राहते. तिसरं, पू असला की आजूबाजूचा भाग आम्लयुक्त होतो आणि औषध नसेच्या आत शिरतच नाही. यातल्या कशातही पेशंटची चूक नसते, तुमचीही नव्हती. आज यावर उपाय आहेत, दुसऱ्या जागी औषध द्यायचं, आर्टिकेन नावाचं बधिर करायचं दुसरं औषध वापरायचं, दाताच्या मुळालगतच्या फटीत किंवा थेट हाडात थोडं सोडायचं, नाहीतर पू आधी काढून टाकून मुख्य काम पुढे ढकलायचं. मुख्य औषध म्हणाल तर तेच जुनं लिडोकेन, १९४३ साली स्वीडनमध्ये निल्स लोफग्रेनने बनवलेलं, अजूनही त्याच्या तोडीचं भरवशाचं फारसं काही नाही. आणि इंजेक्शननंतर छाती धडधडली म्हणजे अ‍ॅलर्जी असं लोक धरून चालतात, ते बहुतेक वेळा त्यात मिसळलेलं अ‍ॅड्रेनालिन असतं, दोनतीन मिनिटांत ओसरतं. खरी अ‍ॅलर्जी फार म्हणजे फारच विरळा.

तर ज्याला भीती "मधेच दुखेल" याची आहे त्याला झोपवण्याआधी एकदा नीट बधिर करून दाखवायला हवं. मी असे पेशंट बघितलेत जे पूर्ण भुलीसाठी आले होते, डॉक्टरांनी नुसतं इंजेक्शन दिलं, दहा मिनिटं थांबले, टोकदार हत्याराने टोचून खात्री करून दिली, हात वर केला की मी थांबणार असं सांगितलं आणि खरंच दोनदा थांबून दाखवलं, झालं, माझी गरजच उरली नाही.

तरी ज्यांना तेवढ्याने भागत नाही त्यांच्यासाठी पुढचं. सेडेशनच्या पायऱ्या चार सांगतात: नुसतं सैलावणं, गुंगी, गाढ गुंगी आणि पूर्ण भूल. पण खरं म्हणजे या पायऱ्या नाहीत, हा घसरता उतार आहे. त्याच औषधाचे तेच ३ मिलिग्रॅम एकाला गप्पा मारायला लावतात आणि दुसऱ्याला घोरायला. म्हणून औषधाचं नाव बघून पायरी ठरत नाही, पेशंट हाकेला ओ देतोय का यावर ठरते. साध्या गुंगीत तुम्ही बोलता, तोंड उघडा म्हटलं की उघडता. गाढ गुंगीत दुखेल असं हलवल्याशिवाय प्रतिसाद नाही, आणि श्वासाचा रस्ता स्वतःहून उघडा राहीलच असं नाही. म्हणून औषध देणाऱ्याला, आपण ठरवलं त्याच्या एक पायरी खाली पेशंट घसरला तर त्याला सांभाळता आलं पाहिजे. नाही येत, तर त्याने देऊ नये, एवढं सोपं आहे ते.

सगळ्यात सौम्य म्हणजे गॅस, नायट्रस ऑक्साइड, ज्याला हसवणारा वायू म्हणतात. याची गंमत अशी की भुलीसाठी तो दातांच्याच डॉक्टरने पुढे आणला. १० डिसेंबर १८४४ ला अमेरिकेत हार्टफर्डला कोल्टन नावाच्या माणसाने या गॅसचा करमणुकीचा खेळ केला, त्यात गॅस घेतलेल्या एकाच्या पायाला चांगलंच लागलं आणि त्याला पत्ताच नाही. होरेस वेल्स नावाचा डेंटिस्ट प्रेक्षकांत बसला होता, त्याने दुसऱ्याच दिवशी गॅस घेऊन स्वतःचीच दाढ काढून घेतली. पुढे जानेवारी १८४५ ला बॉस्टनमध्ये प्रात्यक्षिक दाखवताना पेशंट ओरडला, वेल्सची हुर्यो झाली आणि त्यातून तो बिचारा कधी सावरलाच नाही. पण आज बघताना वाटतं, ओरडणारच होता तो, कारण हा गॅस एकटा माणसाला पूर्ण झोपवण्याइतका दमदार नाहीच. आपण तेच शिकून आज त्याच्याकडून फक्त सैलावायचं काम करून घेतो.

नाकावर छोटा मास्क, आधी नुसता ऑक्सिजन, मग दर मिनिटाला थोडाथोडा गॅस वाढवत बहुतेकांचं ३० ते ५० टक्क्यांत भागतं. बोटांना मुंग्या, पाय जड, थोडं तरंगल्यासारखं. दातांसाठीच्या चांगल्या मशीनमध्ये ऑक्सिजन ३० टक्क्यांच्या खाली जाऊच शकत नाही अशी सोय असते. शेवटी तीन ते पाच मिनिटं शुद्ध ऑक्सिजन द्यायचा, की मोठी माणसं बऱ्याचदा तासाभरात आपापली घरी जातात. तोंड उघडलं की उबळ येते अशांना याचा फार उपयोग होतो. पण नाक चोंदलेलं असेल तर उपयोग शून्य, मास्क नाकावरच असतो ना. पहिल्या तीन महिन्यांचं गरोदरपण, डोळ्यात गॅस भरायची शस्त्रक्रिया नुकतीच झालेली, कानाचा ताजा त्रास, बी-१२ ची मोठी कमतरता, यातलं काही असेल तर आधी सांगा.

गोळीचं सेडेशन मला स्वतःला सगळ्यात कमी आवडतं, आणि लोकांना सगळ्यात जास्त, कारण सुई नाही. पण गोळी एकदा गिळली की ती कधी आणि किती चढणार हे आपल्या हातात नसतं, पोट भरलेलं, लिव्हर कसं आहे, वय काय, सगळ्यावर अवलंबून. चढली नाही म्हणून अर्ध्या तासाने दुसरी दिली आणि मग दोन्ही एकदम चढल्या, ही नेहमीची फजिती. आदल्या रात्री झोप लागावी म्हणून किंवा निघण्याआधी थोडं सैल वाटावं म्हणून डॉक्टरांनी मोजून दिलेली छोटी गोळी ठीक. पण घरातल्या कुणाची तरी झोपेची गोळी स्वतःच घेऊन येऊ नका, आणि घेतलीच असेल तर लपवू नका, आम्ही वर अजून औषध देणार असतो.

शिरेतून दिलेलं सेडेशन हे मोठ्या माणसासाठी माझ्या मते सगळ्यात हुकमी. मिडॅझोलॅम नावाचं गुंगीचं औषध एक मिलिग्रॅम द्यायचं, दोन मिनिटं थांबायचं, बघायचं, लागलं तर पुन्हा थोडं. हे थांबणंच खरं कौशल्य आहे, घाई करणारा माणूस इथे धोकादायक. बोलणं जरा जड झालं, पापण्या मिटायला लागल्या की बस्स. माणूस जागा असतो, सांगितलेलं ऐकतो आणि तरी नंतर विचारलं तर म्हणतो सुरू कधी केलंत? याचं कारण हे औषध नव्या आठवणी साठवूच देत नाही. ज्यांना जुनी वाईट आठवण छळतेय त्यांच्यावर नवी लादायची नसेल तर यासारखं दुसरं नाही. उलटा उतारा आहे, फ्लुमाझेनिल, पण तो मूळ औषधाच्या आधी उतरतो, म्हणजे माणूस टक्क जागा होतो आणि तासाभराने पुन्हा गुंगू शकतो, म्हणून उतारा दिलाय म्हणजे लगेच घरी सोडा असं होत नाही.

प्रोपोफोल, ते पांढरं दुधासारखं औषध, झकास आहे, भरकन चढतं भरकन उतरतं, उलटी कमी, पण गुंगी आणि पूर्ण भूल यांच्यात त्याचं अंतर अगदी बारीक आणि त्याला उतारा नाही. ते दात काढणाऱ्यानेच एका हाताने देण्याचं औषध नव्हे, त्यासाठी फक्त तेवढंच काम करणारा भूल देणारा माणूस हवा. केटामिन आणि डेक्समेडेटोमिडिन ही आणखी दोन औषधं मुलांमध्ये वगैरे वापरतो आम्ही, त्यात इथे शिरत नाही.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहितेय ते. पोटाचं ऑपरेशन असलं की सर्जन पोटाशी, मी डोक्याशी, आमची जागा वेगळी. दाताच्या कामात डॉक्टर आणि मी एकाच भोकासाठी भांडत असतो. त्याच तोंडातून काम आणि त्याच वाटेने श्वास. ड्रिलचं पाणी, रक्त, दाताचा तुकडा, कापसाचा बोळा, सगळं घशाच्या दिशेने, त्यात गुंगीने जीभ मागे पडते आणि डॉक्टर खालच्या दाढेवर जोर देतात तेव्हा जबडा अजून मागे ढकलला जातो. दातांच्या सेडेशनमधले वाईट प्रसंग बहुतेक वेळा हृदयापासून सुरू होत नाहीत, श्वास हळूहळू बंद पडतो आणि कुणाचं लक्ष नसतं, असे सुरू होतात. आणि इथे लोक बोटावरच्या त्या ऑक्सिजन मोजणाऱ्या चिमट्यावर नको इतका भरवसा ठेवतात. ऑक्सिजन लावलेल्या माणसाचा श्वास थांबला तरी चिमटा एखाद-दोन मिनिटं ९९ दाखवत राहतो, तो आकडा घसरेपर्यंत उशीर झालेला असतो. श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मशीन, कॅप्नोग्राफ, श्वास थांबला की काही सेकंदांतच रेघ सपाट करून सांगतं. एकदा एका ठिकाणी मी पोचले तर मशीन होतं पण नळी संपलीय म्हणाले, मी त्या दिवशी गुंगी दिली नाही. पेशंट चिडला, डॉक्टर चिडले, ठीक आहे.

म्हणून "कुठली भूल चांगली" याच्यापेक्षा हे विचारा की माझा श्वास कोण बघणार, आणि त्याच्याकडे त्या वेळेला दुसरं काही काम असेल का. गाढ गुंगी किंवा पूर्ण भुलीत त्या माणसाच्या हातात दुसरं काहीही नको. पूर्ण भूल दातांच्या छोट्या क्लिनिकात द्यायची पद्धत ब्रिटनने तर २००१ संपता संपता बंदच केली, त्यानंतर तिथे ती हॉस्पिटलातच देतात, आणि मला ते पटतं.

पूर्ण भुलीत नेमकं काय होतं? आधी उपाशी, घट्ट अन्न आणि दूध सहा तास, साधं पाणी दोन तास, लठ्ठपणा किंवा साखरेसाठी आठवड्याचं इंजेक्शन घेणाऱ्यांनी ते मुद्दाम सांगायचं कारण त्यात पोट सावकाश रिकामं होतं. मग औषधाने झोपवून नाकातून नळी श्वासनलिकेत घालतो, तोंड डॉक्टरांना मोकळं राहावं म्हणून. काम नाजूक, म्हणून नंतर एकदोन दिवस नाकातून थोडं रक्त, घसा खवखवणं हे होतं. घशात रक्त जाऊ नये म्हणून ओली पट्टी भरतात, ती निघाली का हे मोठ्याने मोजून बोललं जातं, कारण आत राहिलेली पट्टी नळी काढल्यावर श्वासच अडवते. निरोगी माणसाला भुलीमुळेच जीव जायचा धोका साधारण लाखात एक सांगतात, म्हणजे फार कमी, पण शून्य नाही, आणि एका किडलेल्या दाढेसाठी तो घ्यावा का हा प्रश्न आहे.

तुमच्या मुलाचं म्हणाल तर मला त्याच्या डॉक्टरांचं पटतंय. गणित बघा: मूल अठरा किलोचं धरलं तर लिडोकेन जपून किलोला ४.४ मिलिग्रॅम, म्हणजे ७९ च्या आसपास, आणि एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या नळीत, ३६ असतं, म्हणजे दोनच कार्ट्रिज. आठ दात तोंडाच्या चारही कोपऱ्यांत असले तर एका बैठकीत सगळे बधिर करता येत नाहीत, चार-पाच बैठका होतात, आणि तिसऱ्या बैठकीला मूल दारातूनच परत फिरतं. एकाच बैठकीत सगळं उरकायच्या हट्टापायी कमी वजनाच्या मुलाला तोंडातून गुंगीचं औषधही आणि वर बधिर करायचं औषधही भरपूर, असं झालं की अपघात होतात. त्यापेक्षा एकदा व्यवस्थित पूर्ण भूल परवडली. फक्त आधी एवढं विचारा, काही दातांना कीड काळी करून थांबवणारं चांदीचं औषध लावून किंवा न कोरता स्टीलची टोपी बसवून भागेल का, मग उरलेले दोन-तीन कदाचित गॅसवरही होतील. आणि भूल द्यायचीच ठरली तर एक्स-रे त्याच वेळी काढून, शंका असलेला दुधाचा दात वाचवत बसण्यापेक्षा काढून टाका म्हणावं, वर्षभराने त्याच दातासाठी पुन्हा भूल द्यायची वेळ येऊ नये.

मेंदूवर परिणाम होतो का हे प्रत्येक आई विचारते. अमेरिकेच्या औषध खात्याने २०१६ ला जो इशारा दिला तो तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून लांब किंवा वारंवार भूल देण्याबद्दल होता. तान्ह्या बाळांना तासाभराची एकच भूल दिलेला मोठा अभ्यास झालाय, ती मुलं पाच वर्षांची झाल्यावर तपासली तेव्हा बुद्धीत फरक दिसला नाही. तुमचा मुलगा पाचचा आहे. उठल्यावर पंधरा-वीस मिनिटं तो रडेल, हातपाय आपटेल, तुम्हाला ओळखतोय की नाही असं वाटेल, ते औषधाचं असतं, त्याला बहुतेक नंतर आठवणारही नाही. सर्दी-खोकला असेल तर मात्र तारीख पुढे ढकला. गाडीतून घरी नेताना चालवणारा एक आणि मुलाच्या शेजारी बसून मान पुढे पडू न देणारा दुसरा, अशी दोन मोठी माणसं हवीत.

आणि तुम्हाला? दोन दाढा आणि एक आडवी अक्कलदाढ, याला मी स्वतः पूर्ण भूल देणार नाही. रूट कॅनाल लागलं तर एकापेक्षा जास्त बैठका होऊ शकतात, दर बैठकीला नाकात नळी कोण घालेल. शिवाय चावून बघा, उंच लागतंय का, हे झोपलेला माणूस सांगू शकत नाही. शिरेतून मिडॅझोलॅम, वर चांगलं बधिर, एका बाजूचं एका दिवशी. दुसऱ्या खेपेला कदाचित नुसता गॅस पुरेल. पूर्ण भुलीत भीती तशीच्या तशी परत येते, कारण ज्या दिवशी काही वाईट घडलं नाही त्या दिवशी तुम्ही तिथे नव्हताच.

मोठ्यांना पूर्ण भूल मी देते ती चारही अक्कलदाढा हाडात खोल असतील तेव्हा, किंवा मतिमंदत्व, हालचालींवर ताबा नसणं असं काही असेल तेव्हा. आणि एक प्रकार वेगळाच सांगते: जबड्याखाली सूज, तोंड जेमतेम बोटभर उघडतंय, गिळता येत नाही, लाळ गळतेय, तर खुर्चीतलं कुठलंही सेडेशन नको, सरळ मोठं हॉस्पिटल, तेही रात्र असली तरी लगेच. तिथे आम्हीसुद्धा घाबरून काम करतो.

भेटायला जाल तेव्हा घोरता का, झोपेत श्वास अडकतो का, वजन, दमा, रक्त पातळ करायच्या गोळ्या (विचारल्याशिवाय बंद करू नका), घरात कुणाला भुलीत विचित्र ताप आला होता किंवा उठायलाच फार वेळ लागला होता का, एवढं न विसरता सांगा. पहिल्या भेटीत काहीच करू नका म्हणा, नुसतं बसून बोलायचं. आणि गुंगी घेतल्यावर २४ तास गाडी नाही, सही नाही, मूल एकट्याने सांभाळणं नाही, म्हणून मुलाचं आधी करून घ्या आणि तुमचं पुढच्या आठवड्यात ठेवा, दोघांचं एकाच दिवशी अजिबात नको.